चार वाजता चहाला बोलावलंय? आधी गरम पाण्याचा जग काढून ठेवा

रविवारी समोरच्या आजी आणि शेजारचं जोडपं पुन्हा चहाला येतायत. मागच्या वेळी सँडविच जमली, स्कोनही (जॅम-क्रीम लावून खायचे छोटे गोल पाव) फुलले, पण टीपॉटशेजारी गरम पाण्याचा जग ठेवायला मी विसरले आणि सगळ्यांचा दुसरा कप वाया गेला. इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितेय.

आपण चहा उकळतो, गाळतो, चोथा टाकून देतो. इथे सुटी पत्ती टीपॉटमध्येच राहते. गप्पा रंगतात आणि ती आत मुरतच राहते. पहिला कप सुरेख होता. वीस मिनिटांनी ओतलेला काळा आणि कडू. आजींनी तो न बोलता अर्धा ठेवला. जगातलं पाणी टीपॉटमध्ये किंवा थेट कपात घातलं की चहा हलका होतो. तेव्हा कपबशांच्याही आधी जग टेबलावर ठेवा. झाकणाचा असला तर उत्तम.

बोलावताना ‘हाय टी’ म्हणू नका. आपल्याकडची हॉटेलं म्हणतात, पण इथे तो कामगारवर्गाचा संध्याकाळचा जेवणवजा चहा, मांस-पावासकट. आपला हा ‘आफ्टरनून टी’. दुपारचं हलकं जेवण आणि उशिराचं रात्रीचं जेवण यांच्यामधल्या भुकेसाठी बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी १८४० च्या सुमारास तो सुरू केला, असं सांगतात. म्हणजे पोटाला आधार हवा, जेवण नको. कुणाला काय चालत नाही, तेही बोलावतानाच विचारा.

काकडीच्या सँडविचला घाई केलीत तर पाव भिजलाच म्हणून समजा. काकडी सोलून पातळ चकत्या करायच्या; कोशिंबिरीसारखी चोचवायची नाही. मीठ लावून वीस मिनिटं चाळणीत ठेवा, पाणी सुटलं की कापडाने टिपून घ्या. लोणी दोन्ही स्लाइसना, आतून, अगदी कडेपर्यंत. पाव ओला न होण्याची खरी मदार त्यावरच आहे. कडा सँडविच भरून झाल्यावर कापा, आधी नाही. हिरवी चटणी मलाही प्रिय आहे, पण तिच्यापुढे काकडीची चवच लागत नाही. दुसरा प्रकार अंड्याचा, बस्स.

स्कोन त्याच दिवशी सकाळी भाजा, आदल्या दिवशीचे कोरडे पडतात. २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या) मैद्याला ५५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळा. पीठ थापून स्कोन कापताना साचा सरळ खाली दाबा, पिळू नका, नाहीतर एका बाजूला कलतात. क्लॉटेड क्रीम शनिवारीच आणा, कारण रविवारी इथली मोठी दुकानं सहाच तास उघडी असतात. हे क्रीम म्हणजे आपल्या दाट सायीची बहीण. नैऋत्य इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या क्रीममध्ये किमान ५५ टक्के स्निग्धांश लागतो. शेजारचे डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. दोन्ही वाट्या मध्ये ठेवा आणि ज्याला जसं हवं तसं लावू द्या.

आणि गरम पाण्याचा जग. काढला का? अजून कपाटातच असेल तर वाचणं थांबवा आणि काढा.

केक विकतचा चालतो; व्हिक्टोरिया स्पंज (मध्ये जॅम भरलेला साधा स्पंज केक) घ्या. दूध थंडच, तापवायचं नाही. साखर, चमचे, नॅपकिन, छोटी गाळणी. तीन मजली स्टँड नसला तरी अडत नाही.

टीपॉट उकळत्या पाण्याने विसळून गरम करा. माणशी एक चमचा पत्ती, वर एक टीपॉटचा, चार मिनिटं. पावणेचारपासून केटल दोनदा उकळा: एकदा टीपॉटसाठी, एकदा जगासाठी.