कफ काढायला बसण्याआधी

आमच्या डिचोलीच्या घरात अकराची पेज साडेअकराला झाली तरी चालते, पण बाबांचा कफ त्याआधी निघालाच पाहिजे. जुन्या क्षयामुळे त्यांच्या श्वासनळ्या कायमच्या रुंदावल्या आहेत, डॉक्टर त्याला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. रात्रभर साठलेला कफ आपणहून वर येत नाही. भरल्या पोटी बसवलं तर उलटी होते, म्हणून रिकाम्या पोटी, नाहीतर जेवणानंतर दीड-दोन तासांनी.

नळ्या मोकळ्या करणारं औषध दिलेलं असेल तर ते 15 मिनिटं आधी द्या; श्वासातून ओढायचं अँटिबायोटिक मात्र कफ निघाल्यावर. पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा नेब्युलायझर, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणारं विजेवरचं यंत्र, असला तरी औषध ओढायचा हातातला पंप आणि त्याला जोडायची नळी, म्हणजे स्पेसर, जवळ असू द्या. नेब्युलायझरची कपी आणि मास्क आदल्या दिवशीच धुऊन पंख्याखाली खडखडीत वाळवा. आषाढात आपल्याकडे पंचासुद्धा दोन दिवस ओला राहतो. ओल्या कपीत जंतू वाढतात आणि तेच छातीत जातात.

कोमट पाणी, झाकणाचं भांडं, ऑक्सिमीटर, दोन उशा जवळ घ्या. कुठल्या कुशीवर निजवायचं ते फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या. आम्लपित्त वर येत असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर डोकं खाली करू नका.

कफ सुटावा म्हणून छाती-पाठ थोपटताना हात ओंजळीसारखा, अंगावर पातळ सदरा. आवाज पोकळ आला की हात बरोबर पडतोय. मणक्यावर आणि बरगड्यांच्या खाली मारू नका. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

खरं काम श्वासाचं. तीन-चार दीर्घ श्वास, प्रत्येक तीन सेकंद धरून. मग चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर सोडतो तसा तोंड उघडून ‘हाऽऽ’. मध्ये शांत श्वास, पुन्हा तेच. बाबा पूर्वी खोकून खोकून घामाघूम व्हायचे, ते बघवत नसे. आता दोन-तीन ‘हाऽऽ’मध्ये कफ घशाशी येतो.

रक्त दिसलं, छातीत दुखलं किंवा धाप वाढली तर तिथेच थांबून डॉक्टरांना फोन करा. एरवी कफ किती आणि कुठल्या रंगाचा ते वहीत लिहा. पांढऱ्याचा हिरवा झाला, नेहमीपेक्षा वाढला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. बांबोळीच्या सरकारी इस्पितळात निघताना ही वही फाइलीच्या आधी पिशवीत घाला.