कांद्याच्या पट्टीवरून धोरणाचा अभ्यास

निफाड तालुक्यातल्या आमच्या घरी भिंतीवरच्या खिळ्याला कांद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, अडकवलेल्या असतात. स्पर्धा परीक्षेसाठी नाशिकला खोली घेतली, तेव्हा राष्ट्रीय धोरणाचा अभ्यास त्या खिळ्यापाशी सुरू होईल असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं मासिकं पाठ केली. मग एका सराव मुलाखतीत विचारलं गेलं, "२०२३ मध्ये कांद्यावर निर्यातशुल्क कुणी लावलं?" मी म्हणालो, "कृषी मंत्रालयाने."

ते अर्थ मंत्रालयाने लावलं होतं. त्याच रात्री आबांना फोन करून त्या वर्षीच्या सगळ्या पट्ट्यांचे फोटो मागवले.

वहीत एकीकडे पट्टीवरचा भाव आणि शेजारी दिल्लीचा निर्णय असं लिहीत गेलो. १९ ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के शुल्क. ऑक्टोबरअखेर किमान निर्यातमूल्य टनाला ८०० डॉलर. ८ डिसेंबरपासून बंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क राहिलंच. सप्टेंबरात अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

नवख्यांनी इथे थांबून प्रत्येक निर्णयापुढे खातं लिहावं. शुल्काची अधिसूचना अर्थ मंत्रालयातल्या महसूल विभागाची. बंदी आणि किमान मूल्य विदेश व्यापार महासंचालनालयाचं, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्था राखीव साठ्यासाठी कांदा घेतात तो ग्राहक व्यवहार विभागाच्या भाव स्थिरीकरण निधीतून. कांदा पिकवणाऱ्याचं खातं यात कुठे आहे, हा प्रश्न मला या यादीनेच शिकवला.

हंगामही लिहा. उन्हाळ कांदा कांदाचाळीत साठवला की काही महिने टिकतो, भावाची वाट बघता येते. लाल कांदा टिकत नाही, काढला की बाजार समितीत न्यावाच लागतो. डिसेंबरातली बंदी नेमकी त्याच्यावर पडली. अधिसूचना कितीही वेळा वाचली तरी हे तिच्यात सापडत नाही.

दुसरी बाजू खोलीतच होती. माझा रूम पार्टनर सातपूरला कंत्राटी कामगार. कांदा महागला की त्याच्या डब्यात भाजी पातळ व्हायची. २०१२ पायावर मोजलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाद्यपदार्थ आणि पेयांचा भार सुमारे ४६ टक्के होता, रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के. सरकार घाबरतं ते यामुळे. ती भीती खरी आहे हे मी मानतो. पण लागवड झाल्यावर, माल हातात असताना नियम बदलणं मला अन्यायाचं वाटतं, आणि आता मुलाखतीत ते मी कारणांसह सांगतो.

वाचायला मूळ कागद घ्या: राजपत्र, पीआयबीची (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाची) निवेदनं, संसदेतली लेखी उत्तरं, स्थायी समित्यांचे अहवाल. सार्वजनिक वाचनालयात वर्तमानपत्रं चाळा, पण निर्णयाची तारीख राजपत्रावरूनच घ्या.

विषय मात्र आपल्या घरातला निवडा. सुरगाण्याहून आलेल्या एका मुलीने मला विचारलं तेव्हा तिला वनहक्क कायदा २००६ सुचवला. तिच्या आजोबांचा वनहक्काचा दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे गेलेला आहे. या रविवारी ती गावी जाऊन ग्रामसभेच्या ठरावाची प्रत आणणार आहे.