बागेतल्या खोलीभोवतीची बाग

पुण्यात बंगल्याच्या आवारात, मुख्य घरापासून थोडी दूर, वाचनासाठी, रियाजासाठी किंवा चित्रकलेसाठी एखादी छोटी खोली बांधण्याची हौस अनेकांना असते. खोली बांधून झाली की नर्सरीतून रोपे आणली जातात आणि भिंतीलगत ओळीने लावली जातात. तेथेच बाग बिघडते, कारण अशी बाग फाटकातून आत येणाऱ्याला चांगली दिसली तरी खोलीत बसणाऱ्याला तिच्यातले फारसे काही दिसत नाही. म्हणून रोपे आणण्याआधी खोलीत, जेथे आपण खरोखर बसणार आहोत तेथे खुर्ची ठेवावी आणि सकाळी, भर दुपारी व दिवेलागणीला त्या खुर्चीत बसून बाहेर पाहावे.

खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटर उंचीवर असतात. खिडकीसमोरच्या पहिल्या वाफ्यात याहून बरीच बुटकी झाडेच असावीत. आमच्याकडे पहिल्या वर्षी मी खिडकीखाली कर्दळ लावली होती. श्रावण येईपर्यंत ती छातीएवढी वाढली आणि तिच्यामागे हौसेने लावलेला पारिजातक दिसेनासा झाला. आता कर्दळ कुंपणाजवळ आहे, खिडकीखाली गवती चहा आणि तुळस आहे, आणि पहाटे पारिजातकाखाली पडलेला सडा खुर्चीतून पूर्ण दिसतो. रोपांची जागा ठरवताना काठ्या रोवून त्यांना झाडाच्या पूर्ण वाढलेल्या उंचीवर फडके बांधावे आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसावे. या अर्ध्या तासाच्या कामाने पुढची काही वर्षे वाचतात.

सावलीच्या बाबतीत थंड देशांतल्या पुस्तकांवर विसंबू नये. तेथे पानगळीची झाडे लावायला सांगतात, कारण ती उन्हाळ्यात सावली देतात आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देतात. आपल्याकडे पळस, पांगारा, काटेसावर यांसारखी पानगळीची झाडे ऐन उन्हाळा तापू लागतो तेव्हाच निष्पर्ण असतात आणि बहावाही बहुधा पाने झडल्यावरच फुलतो. म्हणून बहावा खिडकीतून पाहण्यासाठी लावावा, सावलीसाठी नव्हे. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर दुपारचा सूर्य डोक्यावर येतो, त्यामुळे दक्षिणेची खिडकी साध्या पाखीनेही, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या कडेनेही, सांभाळली जाते. डिसेंबरात मात्र तो भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवरच असतो आणि त्या खिडकीतून हवेहवेसे ऊन आत येते. खरा त्रास पश्चिमेचा, कारण तिकडचे ऊन तिरपे असल्याने पाखीखालून थेट आत शिरते. त्या बाजूला करंज किंवा कडुनिंब लावावा. दोघांनाही उन्हाळ्याच्या तोंडावर नवी पालवी फुटते आणि एप्रिल-मेमध्ये सावली मिळते. झाड भिंतीपासून निदान ५ मीटर दूर असावे. वड, पिंपळ आणि उंबर यांना मात्र या खोलीच्या आसपास मुळीच जागा देऊ नये, कारण त्यांची मुळे जोत्याला सोडत नाहीत.

खोली आणि बाग यांना जोडण्याचे काम ओटा करतो. त्याची रुंदी निदान २ मीटर असावी, म्हणजे दोन खुर्च्या मांडूनही जाण्यायेण्यास वाट राहते. आत शहाबादी फरशी असेल तर ओट्यावरही तीच घालावी, पण बाहेरची घोटलेली नसावी. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरते आणि पाय घसरतो. ओटा खोलीच्या जमिनीपेक्षा थोडा खाली आणि बाहेरच्या बाजूला उतार देऊन बांधावा.

पाण्याचा विचार पावसाळ्याआधीच करावा. छपराला पन्हळ नसेल तर पागोळ्या पडतात त्या रेषेत सुमारे ४५ सेंटिमीटर रुंदीचा चर खणून त्यात खडी भरावी, म्हणजे उडालेल्या चिखलाने भिंत रंगत नाही. वाफ्याची माती जोत्याच्या माथ्यापासून निदान १५ सेंटिमीटर खाली ठेवावी आणि वाफा भिंतीला चिकटवू नये. एरवी ओल चढते आणि लाकडी चौकटीला वाळवी लागते. कमळाचे टाके हवे असेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत, कारण ते डासांच्या अळ्या खातात. पहिला मोठा पाऊस पडेल त्या दिवशी छत्री घेऊन बाहेर जावे आणि पाणी कोठे तुंबते ते पाहून त्या जागी खुंटी रोवावी. सोनटक्क्याला ओल आवडते. त्याची जागा तीच.

सुगंधाची झाडे वाऱ्याची दिशा पाहून लावावीत. रातराणी खिडकीजवळ नको, तिचा वास बंद खोलीत असह्य होतो. मोगरा ओट्याच्या कडेला, भरपूर ऊन मिळेल तेथे लावावा, डिसेंबरअखेरीस छाटावा, मुळांशी शेणखत घालावे आणि नवी पालवी फुटू लागली की पाणी वाढवावे. मग उन्हाळ्यात संध्याकाळी दार उघडे ठेवून बसले की कळ्या उमलू लागल्याचे वासावरूनच कळते.