परसातील आंबा, लिंबू आणि बुरशी : या चुका टाळा

घरामागच्या आंब्याचा मोहोर पांढरा पडून गळू लागला किंवा लिंबाच्या खोडातून डिंक ओघळू लागला की आपण थेट कृषी सेवा केंद्रात जाऊन ‘बुरशीचे औषध’ मागतो. पहिली चूक इथेच होते, कारण झाडावर दिसणारा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. कागदी लिंबावर उठणारे खडबडीत, पिवळ्या वलयाचे खैरे, म्हणजेच खैऱ्या रोग, तसेच डाळिंबावरचा तेल्या हे दोन्ही जिवाणूंमुळे होतात. त्यांच्यावर गंधक मारून काहीही साधत नाही. आंब्याच्या पानांवरचा काळा थर पाहूनही अशीच फसगत होते. ओल्या फडक्याने पुसल्यावर तो थर निघून खाली हिरवे पान दिसले, तर ती काजळी आहे. तुडतुडे, मावा किंवा पिठ्या ढेकूण यांनी टाकलेल्या चिकट गोड द्रवावर ती वाढते, त्यामुळे त्या किडींचा बंदोबस्त केल्याशिवाय ती हटत नाही. करपा या बुरशीजन्य रोगाचा डाग मात्र पुसून जात नाही, कारण तिथली पेशीच मेलेली असते.

दुसरी समजूत अशी की पाऊस नाही म्हणजे बुरशी नाही. आंब्याची भुरी नेमकी पावसाळा संपल्यानंतर, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या थंड रात्री व ढगाळ दिवसांत मोहोरावर येते आणि तिच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाणी साचावे लागत नाही. मोहोर पिठासारखा पांढरा झाल्यावर फवारणी केली, तर गळालेली फुले परत येत नाहीत. म्हणून मोहोर फुटू लागताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारावे. भर फुलोऱ्यात फवारणी टाळावी, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या त्याच वेळी मोहोरावर असतात, आणि कडक उन्हात गंधक कधीही मारू नये, पाने भाजतात.

करप्याची चाल याहून वेगळी आहे. तो वाळलेल्या फांद्यांवर दबा धरून असतो आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर कोवळ्या पानांवर, मोहोरावर व फळांवर उतरतो. कोवळ्या फळात शिरलेली बुरशी फळ पिकेपर्यंत निद्रिस्त राहते, त्यामुळे झाडावर स्वच्छ दिसणारा आंबा अढीत घातल्यावर काळ्या डागांनी भरतो, आणि दोष अढीला दिला जातो. खरे काम त्याआधी अनेक महिने, वाळलेल्या फांद्या छाटून त्या परसाबाहेर नेऊन जाळण्याचे असते. छाटलेल्या फांद्या झाडाखालीच टाकणे म्हणजे रोग तिथेच साठवून ठेवणे होय.

लिंबाचा डिंक्या हा मात्र बहुतेक वेळा आपणच ओढवून घेतलेला रोग असतो, आणि परसातली चांगली झाडे त्यापायी जाताना पाहून फार वाईट वाटते. मोरीचे पाणी बुंध्याशी सोडणे, खोडाभोवती मातीची भर घालणे आणि कलम लावताना डोळ्याचा सांधा (कलम जिथे जोडलेले असते ती जागा) जमिनीत गाडणे, या तिन्ही गोष्टींमुळे खोडाची साल सतत ओली राहते. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवाला तेवढेच हवे असते. सांधा जमिनीच्या वर किमान वीतभर असावा. पाण्यासाठी दुहेरी आळे करावे, म्हणजे बुंध्याभोवती एक लहान कोरडे आळे ठेवून पाणी केवळ बाहेरच्या आळ्यात द्यावे. डिंक दिसताच नुसता पुसून थांबू नये. रोगट साल स्वच्छ, धारदार चाकूने निरोगी भाग लागेपर्यंत खरवडावी, जखम पोटॅशियम परमँगनेटच्या १ टक्का द्रावणाने धुवावी आणि त्यावर मोरचूद (कॉपर सल्फेट, म्हणजे तांब्याचा क्षार) व चुना यांचे बोर्डो मलम लावावे. खरवडलेल्या साली मातीत पडू देऊ नयेत.

फ्रान्समधील बोर्डो परिसरातील द्राक्षमळ्यांत १८८०च्या दशकात पुढे आलेले बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक आजही घरी करता येते, परंतु त्यात घाई चालत नाही. १० लिटर मिश्रणासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात आणि १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या ५ लिटर पाण्यात वेगवेगळा विरघळवावा, चुन्याचे द्रावण गार होऊ द्यावे व गाळून घ्यावे, आणि मग सतत ढवळत मोरचुदाचे पाणी चुन्यात ओतावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची असावीत. लोखंडी बादलीत मोरचूद बादलीवरच क्रिया करतो. चुना हवेत राहून विरलेला, जुना घेतल्यास मिश्रण आम्ल राहते आणि पाने जळतात. म्हणून फवारण्यापूर्वी लोखंडी चाकू मिनिटभर मिश्रणात बुडवून पाहावा, त्यावर तांबूस थर चढल्यास आणखी चुना घालावा. तयार मिश्रण त्याच दिवशी संपवावे आणि ते मोहोरावर मारू नये. मोरचूद विषारी असल्याने हातमोजे, चष्मा व तोंडाला फडके आवश्यकच आहे.

मलमासाठी तेवढाच मोरचूद व चुना एकूण १ लिटर पाण्यात घेऊन ते खोडाला जमिनीपासून दोन ते तीन फुटांपर्यंत ब्रशने लावावे, एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस ओसरल्यावर. याच सुमारास शेणखतातून ट्रायकोडर्मा देणार असाल, तर तांब्याचे कोणतेही द्रावण मुळांशी ओतू नका. ती उपकारक बुरशीसुद्धा त्याने मरते.