मागच्या वर्षाचा हिशोब मांडून खरीप ठरवताय? या चुका टाळा

आमच्या हिंगोलीकडं शेताचं वर्ष पाडव्याला फिरतं. जुन्या सालगड्याचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल संपतं, नव्याची बोली होते, उचल दिली जाते. तूर, हरभरा घरात आलेला असतो, हळदीचं तेवढं शिजवणं-वाळवणं चालू असतं आणि मृगाला अजून दोन महिने असतात. मागचं बघून पुढचं ठरवायला हाच काळ. तरी दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात पोरं कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरून मला फोन करतात, "काका, यंदा काय पेरू?" मागच्या साली कोणत्या तुकड्यात किती झालं असं विचारलं, की म्हणतात, "झालं होतं बरं, पावसानं मारलं थोडं." एवढ्यावर मी काय सांगणार? त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

ताज्या जखमेवरून पुढचं साल ठरवणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. माझ्या पुतण्याला पडली.

त्याचं पाच एकर रान. दोन एकर माळावरचं मुरमाड, तीन एकर ओढ्याकाठचं भारी. २०२३ ला पाऊस उशिरा आला, पेरण्या जुलैत गेल्या आणि पुढं ऑगस्ट कोरडा गेला. देशात १९०१ पासूनच्या नोंदीतला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. सोयाबीन नेमकं फुलात होतं. माळावरची फुलं गळाली, एकरी दोन क्विंटलही उतारा आला नाही. ओढ्याकाठी ओल टिकली, तिथं सहा झालं.

दिवाळीतच त्यानं ठरवून टाकलं: माळावर आता सोयाबीन नाही. माळ पड ठेवला आणि शेजाऱ्याचं ओढ्याकाठचं आणखी दोन एकर ठोक्यानं, म्हणजे भाड्यानं, घेतलं. मी म्हणालो, "एका सालावरून ठरवू नको." तो म्हणाला, "काका, डोळ्यानं बघितलंय मी." खरंच बघितलं होतं, पण एकच साल.

२०२४ च्या सप्टेंबरची १ आणि २ तारीख आमच्या भागात कुणी विसरणार नाही. ओढा पात्र सोडून रानात शिरला. शेंगा भरण्याची वेळ आणि मुळाला चार-पाच दिवस पाणी. झाडं पिवळी पडली, शेंगा पापडीसारख्या चपट्या राहिल्या. ठोक्याचे पैसे आधीच देऊन झालेले. आणि त्याच्या पड माळाला लागून असलेल्या दुसऱ्याच्या मुरमाड रानात, पाणी निथळून गेल्यामुळं, एकरी सात क्विंटल झालं. ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून बघताना त्याचा चेहरा कसा झाला होता, ते माझ्या अजून डोळ्यांपुढं आहे.

त्यानंतर तो माझी वही बघायला आला. वही साधीच आहे, फक्त सालाप्रमाणं लिहिलेली नाही, रानाप्रमाणं आहे. प्रत्येक तुकड्याला एक पान. पेरणीची तारीख, पेरणीआधी किती पाऊस झाला होता, वाण, उतारा आणि "काय बिघडलं" याची एक ओळ. पुढच्या साली त्याच पानावर खाली लिहायचं. माझ्या माळाच्या पानावर बारा सालं आहेत. त्यातली तीन वाईट, तिन्ही पावसाच्या खंडानं. ओढ्याकाठच्या पानावर वाईट सालं दोनच, पण त्या दोन्ही साली काढणीचा खर्चसुद्धा निघाला नाही. एवढं समोर आलं की एकच रान चांगलं आणि दुसरं वाईट असं वाटणं बंद होतं. त्यानं मग माळावर सोयाबीनमध्ये तूर घेतली, ओढ्याकाठी रुंद वरंबा-सरीवर (पाणी निघून जायला मधे सऱ्या ठेवून) पेरलं आणि ठोक्याचं रान सोडून दिलं. २०२५ च्या सप्टेंबरात पाणी पुन्हा आलं, ओढ्याकाठचं गेलंच. पण माळानं त्याचा खर्च काढून दिला आणि तूर वर राहिली.

वही नसेल तर गेल्या तीन सालांचं तरी आठवून लिहा. एका सालावर मात्र ठरवू नका.

"आठवतंय की सगळं" म्हणणं

आठवत नसतं. माणसाला काढणीचा महिना आणि मोंढ्यातला, म्हणजे बाजारातला, भाव आठवतो. कोणतं खत कधी टाकलं, दुसरी फवारणी किती दिवस लांबली, हे पार पुसून गेलेलं असतं. एकदा मी स्वतः छातीठोकपणे सांगितलं होतं, की मृग निघाल्यावर आठ दिवसांत पेरलं. वही काढली तर तारीख निघाली २ जुलै.

ज्यांनी काहीच लिहिलेलं नाही त्यांच्यासाठी उपाय आहे, पण त्याला तीन संध्याकाळी लागतात. कृषी केंद्राची बिलं, मोंढ्यातल्या पट्ट्या (माल विकल्याच्या पावत्या), बँकेचं पासबुक आणि मोबाइलवरून दिलेल्या पैशांची यादी एकत्र करा. नंतर मोबाइलमधले फोटो बघा. पेरणीच्या दिवशी पोरानं तिफणीचा किंवा ट्रॅक्टरचा फोटो काढलेलाच असतो आणि त्यावर तारीख असते. अळी दाखवायला दुकानदाराला पाठवलेला फोटोही सापडतो. त्या तारखा लावत गेलं की अर्धं साल उभं राहतं. पोरं म्हणतात एवढा वेळ कुणाला आहे. पावसाळ्यात दुबार पेरणी करायला वेळ निघतो, मग चैत्रातल्या तीन संध्याकाळी का निघू नयेत?

आणि हा हिशोब एकट्यानं मांडू नका. खुरपणाला किती बाया आल्या, कुणाला किती रोज दिला, कुणाची मजुरी राहिली, हे घरातल्या बाईला तोंडपाठ असतं. मी पहिल्यांदा बायकोला शेजारी बसवलं, तेव्हा खुरपणाचा माझा आकडा होता त्याच्या जवळजवळ दुप्पट निघाला. सोयाबीन "बरं परवडलं" असं मी वर्षभर सांगत होतो. तो आकडा लिहिल्यावर तसं म्हणता येईना.

सालगडी आणि घरची माणसं खर्चात न धरणं

सालगड्याचं साल कोणत्या पिकावर किती दिवस गेलं त्याप्रमाणं वाटून लिहा. घरच्या माणसांचा रोजही लिहा, कुणाला द्यायचा नसला तरी.

विमा आणि अनुदान पिकाच्या उत्पन्नात मिसळणं

वेगळ्या पानावर लिहा. नाहीतर बुडालेलं पीक कागदावर नफ्यात दिसतं. एक रुपयातला पीकविमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला आहे. आता खरिपाच्या अन्नधान्याला आणि गळिताच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्के हप्ता भरावा लागतो, तो खर्चात धरा.

जुलैतला भाव बघून पेरा ठरवणं

२०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या वर गेलं. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात माल होता कुठं? नवा माल मोंढ्यात आला तेव्हा भाव निम्म्याच्या आसपास आलेला. तरी त्या एका आकड्यावर लोकांनी उडीद, मूग मोडून सोयाबीन वाढवलं, आणि अजून कुणी ना कुणी दहा हजारांची वाट बघत थप्पी लावून बसलेला दिसतो. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता आणि मोंढ्यात बहुतेक दिवस तेवढासुद्धा मिळाला नाही.

मी फक्त माझ्या पट्ट्यांवरचा भाव धरतो. गेल्या तीन सालांत हाताला जो सगळ्यात कमी भाव आला, त्यावर पुढचा हिशोब मांडतो. त्या भावात खर्च निघत असेल तर पेरतो. मित्र म्हणतात, फार भितोस. असेल, पण पोरीच्या लग्नाच्या साली मला सावकाराकडं जावं लागलं नाही.

सगळं खापर पावसावर फोडणं

पाऊस धुऱ्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच पडतो. शेजाऱ्याचं उगवलं आणि तुमचं नाही, तर बियाणं, पेरणीची खोली आणि ओल आधी तपासा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वापसा (पेरणीजोगी ओल) आल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तरी पहिल्या सरीला तिफण धरणारे दरवर्षी असतात. अशांना मी काही बोलत नाही. दुबार पेरणीची बॅग घ्यायला दुकानात भेटतात, तेव्हा वाईट वाटतं.

व्हिडिओतला उतारा मनात धरणं

कुणाला एकरी पंधरा क्विंटल झालं असेल, आनंद आहे. त्याचं रान, त्याचं पाणी तुमचं नाही. तुमच्याच पानावरच्या सगळ्यात चांगल्या सालात काय काय केलं होतं, ते आधी शोधा.

माती परीक्षणाचा कागद फाइलला लावून ठेवणं

नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याच्या जागेचा घेतला असेल तर तो कागद कामाचा नाही. नीट घेतला असेल तर खताची बॅग आणण्याआधी वाचा. आमच्याकडं बरेच जण कागद न बघता शेजाऱ्याएवढाच डीएपी टाकतात.

मे महिन्याच्या मध्यावर घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्याभरात किती उगवले ते मोजा. सत्तर किंवा त्याहून जास्त असतील तर एकरी तीस किलो पुरतं, कमी असतील तर बियाणं वाढवा किंवा बदला. तो आकडा त्या रानाच्या पानावर, यंदाच्या सालाची पहिली ओळ म्हणून लिहून ठेवा.