दोन दिवस मुंबई: शनिवारी फोर्ट, रविवारी गिरगाव-दादर

मुंबईला दोन दिवस जायचं म्हटलं की आमच्या पुण्यातली माणसं गेटवे, जुहू आणि सिद्धिविनायक अशी यादी काढतात आणि निम्मा वेळ टॅक्सीत बसून घालवतात. मी जुहू केव्हाच सोडून दिलं. दोन दिवसांत मुंबई खाऊन-बघून यायची तर दादरच्या वर जायचंच नाही, आणि काय बघायचं यापेक्षा कुठल्या वारी काय बंद असतं ते आधी पाहायचं.

फोर्टातली इराणी हॉटेलं आणि खानावळी ऑफिसच्या माणसांवर चालतात, त्यामुळे रविवारी तिथे जेवायला फिरलात तर बऱ्याच ठिकाणी शटरं बघत फिराल. गिरगाव-दादरचं उलटं, तिथे रविवारीच खरी जाग असते. म्हणून शनिवारी फोर्ट, रविवारी गिरगाव आणि दादर. हा क्रम उलटा करू नका.

डेक्कन क्वीनचं तिकीट आधी काढून ठेवा. सकाळी सव्वासातला सुटते आणि साडेदहाच्या आत सीएसएमटीला लावते. डायनिंग कारमध्ये फक्त चहा घ्या. ऑम्लेटचा वास येईल, मन घट्ट करा, कारण दुपारी पोट रिकामं हवंय. सॅक क्लोकरूममध्ये ठेवणार असाल तर तिला कुलूप हवं, नाहीतर घेत नाहीत.

स्टेशनातून बाहेर पडलात की टॅक्सीवाल्यांकडे न बघता रस्ता ओलांडा आणि मागे वळून इमारत बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचं हे काम 1888 च्या सुमारास पुरं झालं आणि 2004 मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, दुसरीकडे वाघ. सिंह ब्रिटनचा, वाघ आपला. रोज लाखो माणसं त्यांच्या आसपासून जातात आणि मान वर करत नाहीत.

तिथून रमतगमत हॉर्निमन सर्कल, एशियाटिकच्या पायऱ्या आणि मग बॅलार्ड इस्टेट. 1923 पासूनचं ब्रिटानिया इथे आहे आणि ते दुपारपुरतंच उघडं असतं, तेव्हा बाराच्या ठोक्याला दारात हजर राहा. एकनंतर रांग लागते. बेरी पुलाव मागवा, दोघांत एकच. आमच्या वन्सं शनिवार पाळतात, त्यांच्यासाठी भाज्यांचा पुलावही मिळतो. भातावर तळलेला कांदा, काजू आणि त्या लालभडक, मनुकांपेक्षा बारीक इराणी बेरी. दाताखाली आली की बेरी चटकन आंबट लागते. नुसता वरचा भात उचलून खाऊ नका, चमचा तळापर्यंत घाला, मटण आणि मसाला खाली दडलेला असतो. सोबत रास्पबेरी सोडा आणि शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. थोडी रोख जवळ असू द्या.

एवढं जेवल्यावर ऊन टाळायला संग्रहालयासारखी जागा नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय अख्खं बघायच्या फंदात पडू नका, पाय मोडतात. मी तीनच गोष्टी ठरवून बघते: मीरपूरखासच्या स्तूपातल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती, लघुचित्रं आणि अकबराचं चिलखत. बाहेर आलात की पलीकडेच जहांगीर आर्ट गॅलरी. तिथे फुकट आहे, चित्रकार स्वतः बसलेला असतो आणि विचारलंत तर मनापासून बोलतो.

पाचच्या सुमाराला ओव्हल मैदानावर या. मधोमध उभं राहिलात की पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, सगळं दगडी आणि टोकदार. पश्चिमेला 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: वळणदार बाल्कन्या, खिडक्यांवर बाहेर आलेले अरुंद सज्जे, आणि दर्शनी भागावर नक्षीदार अक्षरांत इमारतीचं नाव. पन्नासेक वर्षांच्या अंतराने बांधलेली दोन शहरं समोरासमोर, आणि मध्ये क्रिकेटच्या एकात एक घुसलेल्या मॅचेस. 2018 मध्ये या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारसा म्हटलं गेलं. मरीन ड्राइव्ह इथून चालत. जाताना चर्चगेटला के. रुस्तमकडे दोन वेफरमध्ये दाबलेलं आइस्क्रीम घ्या, पण पटापट खा, नाहीतर कोपरापर्यंत ओघळतं.

मुक्काम चर्चगेट, सीएसएमटी किंवा गिरगावच्या आसपास करा. खोली ठरवताना खिडकी आहे का एवढं नक्की विचारा, मुंबईत ते गृहीत धरायचं नसतं. नातेवाइकांकडे उतरलात तर ते डोंबिवलीला असतात आणि प्रेमाने जेवायला घालतात, म्हणजे दोन्ही दिवस गेले.

रविवारी सकाळी लवकर खोताची वाडी गाठा. ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी लाकडी घरं, बाहेरून जिने, रंगीत कठडे. लोक राहतात तिथे, म्हणून खिडक्यांत कॅमेरा घालू नका. मग फणसवाडीजवळच्या विनय हेल्थ होममध्ये मिसळ. पुण्यात आपण मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड खातो आणि वर अभिमानही बाळगतो. इथे पाव येतो, आणि रस्सा शोषायला तोच बरा हे मी पुण्यात बोलत नाही. पियूष प्यायचं ते पणशीकरांकडचं. श्रीखंड सैल केल्यासारखं, केशर-जायफळाचं. एक ग्लास दोघांना पुरतो. जवळच केशवजी नाईक चाळ आहे, मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव 1893 मध्ये जिथे सुरू झाला ती.

दादरला जायला रविवारी लोकलवर फार विसंबू नका. मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारीच बघून ठेवा, आणि नकोच असेल ती कटकट तर गिरगावहून भुयारी मेट्रोने थेट दादर.

दुपारचं जेवण मासळीचं. सिंधुदुर्ग, गोमंतक, चैतन्य, जिथे रांग लहान तिथे बसा. वन्सं रविवारी मोकळ्या असतात, त्यांची बोंबील फ्रायची प्लेट मात्र कोणी वाटून मागायची नाही. बोंबील बाहेरून रव्याने कुरकुरीत आणि आत जवळजवळ विरघळलेला हवा. आत घट्ट लागला तर पुढच्या वेळी दुसरं हॉटेल. सोलकढी शेवटी भातावर थोडी ओता, उरलेली प्या. जून-जुलैमध्ये मासेमारीवर बंदी असते, त्यामुळे मासळीसाठी जात असाल तर ते दोन महिने टाळा. मला नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा वाटतो. काळा घोडा कला महोत्सवाचे दिवस मात्र वगळून, कारण तेव्हा गर्दीत चित्रांपेक्षा डोकीच दिसतात.

जेवून नाटक. दादरच्या शिवाजी मंदिरात रविवारी दुपारचा प्रयोग बहुधा असतोच. पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती बघा आणि तिकीट आधी काढा. मागची रांग मिळाली तरी चालेल, पण बाहेरच्या बाजूची खुर्ची घ्या, कारण मध्यंतरात बटाटेवड्याकडे धावायचं असतं. दिवे लागले की सगळं प्रेक्षागृह उठतं, आणि उशिरा पोचलेल्याच्या वाट्याला गार वडा येतो.

प्रयोग सुटल्यावर डेक्कन क्वीन मिळत नाही, ती पाच दहाला गेलेली असते. दादरहून एसटीची शिवनेरी बस पकडा. रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवेवर लोणावळ्याहून परतणाऱ्या मुंबईकरांची कोंडी असते, पण ती समोरच्या बाजूला.