हॉर्मोनच्या तक्रारीत स्कॅनची घाई: या चुका टाळा

हॉर्मोनच्या बहुतेक आजारांचं निदान आधी रक्त-लघवीच्या तपासण्यांवर होतं. बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला सोनोग्राफी, सीटी, एमआरआय लागतात. क्रम उलटा केला की भलतीच गाठ सापडते आणि सगळं घर तिच्यामागे लागतं.

सगळ्यात मोठा गोंधळ ‘पीसीओडी’चा, म्हणजे पाळी अनियमित करणाऱ्या हॉर्मोनच्या बिघाडाचा. कॉलेजात नुकत्याच गेलेल्या मुलीची पाळी अनियमित असते, सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बारीक फुगे दिसतात आणि रिपोर्टखाली ‘पॉलिसिस्टिक’ लिहून येतं. हे फुगे गाठी नसतात. वाढ अर्ध्यात थांबलेली ती फॉलिकल्स (बीजांडाच्या पिशव्या) असतात आणि या वयात ती भरपूर असणं स्वाभाविक आहे. म्हणूनच पहिल्या पाळीनंतर 8 वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मोठ्या वयातही पाळी अनियमित असेल, शिवाय हनुवटीवर राठ केस किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन असेल, तर थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित हॉर्मोन) वगैरे इतर कारणं वगळल्यावर सोनोग्राफीवाचून निदान होतं. पीसीओडी ठरवायच्या 2003 च्या रॉटरडॅम निकषांत एका अंडाशयात 12 फॉलिकल्स पुरेशी होती. यंत्रं सुधारली, जास्त दिसू लागलं, आणि 2018 मध्ये आधुनिक यंत्रांवरच्या योनिमार्गातल्या सोनोग्राफीसाठी हा आकडा 20 वर नेला गेला. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ही मोजणी भरवशाची नसते.

प्रोलॅक्टिन वाढलेलं दिसलं की लगेच डोक्याचा एमआरआय, ही दुसरी घाई. आधी गरोदरपण आणि टीएसएच (थायरॉइडचं काम दाखवणारी रक्तचाचणी) पाहा, मग औषधांची यादी काढा. आपल्याकडे ॲसिडिटीच्या कितीतरी गोळ्यांत डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड मिसळलेलं असतं. दोन्हींमुळे प्रोलॅक्टिन वाढतं. ‘ती काय, साधी पित्ताची गोळी’ म्हणून नेमकी तीच डॉक्टरांना सांगायची राहते. नजर अधू होत असेल किंवा डोकं सतत दुखत असेल तर मात्र एमआरआय लांबवू नका. एरवी साधारण दहातल्या एकाच्या पिच्युटरीत (प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या, मेंदूखालच्या ग्रंथीत) निरुपद्रवी बारीक गाठ असतेच. उलट कुशिंग आजारात (पिच्युटरीतल्या गाठीमुळे कॉर्टिसॉल हॉर्मोन वाढतं तो) खरी गाठ इतकी लहान असू शकते की एमआरआय स्वच्छ येतो.

टीएसएच वाढलंय, पण मान सुजलेली नाही, गाठ हाताला लागत नाही? मग थायरॉइडची सोनोग्राफी कशाला? दक्षिण कोरियात सरसकट तपासण्यांमुळे 2011 पर्यंत थायरॉइड कर्करोगाची नोंद 1993 च्या 15 पट झाली. मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच राहिलं. गाठ सापडलीच तर रिपोर्टमधली टायरॅड्स श्रेणी (गाठ कर्करोगाची असण्याची शक्यता सांगणारी) पाहा. 1 सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत तपासणीसाठी सहसा सुई घालावी लागत नाही.

मुतखड्यासाठी केलेल्या सीटीत ॲड्रिनलची (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची) गाठ दिसली तर चूक नेमकी उलटी होते: ‘योगायोगाने दिसली’ म्हणून ती सोडून दिली जाते. तिच्या हॉर्मोन चाचण्या व्हायलाच हव्यात. फिओक्रोमोसायटोमा (रक्तदाब चढवणारे हॉर्मोन सोडणारी गाठ) नाही याची खात्री होईपर्यंत सुईने तुकडा काढू देऊ नका. रक्तदाब जिवावर बेतेल इतका चढू शकतो.

आणि थायरॉइडचा न्यूक्लिअर स्कॅन ठरला असेल, तर गेल्या दोन महिन्यांत कॉन्ट्रास्ट (चित्र स्पष्ट दिसावं म्हणून दिलेलं औषध) देऊन सीटी झाला होता का, हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. त्यातल्या आयोडिनमुळे ग्रंथी काही आठवडे स्कॅनचं औषध नीट शोषत नाही, आणि रिपोर्ट फसवा येतो.